पाटीभर करटोल्यांना जागा कुठाय?

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस भाजीवरून जुंपलीये. सुरुवात झाली गेटशेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींवरून. त्यांना तिथून उठवायचं का असा विषय कमिटीने काढला, कारण काय तर पावसात चिखल होतो, गाडी वळवताना अडचण होते आणि 'आता सगळं ॲपवर मिळतंच की'. झालं, तासाभरात दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, दहा मिनिटांत पॅक केलेली स्वच्छ भाजी दारात येते तर फुटपाथवरची धुळीतली घ्यायचीच कशाला. दुसरी पार्टी एकदम ताजं, लोकल, सेंद्रिय, आपल्या आज्या काय खायच्या, केमिकल, कॅन्सर वगैरे, आणि त्यांचा तोडगा असा की मावशींना उठवा, हरकत नाही, पण दर रविवारी पोडियमवर (म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत) ऑर्गॅनिक बाजार भरवू. म्हणजे भांडण एवढं कडाक्याचं आणि मावशी उठल्या पाहिजेत यावर मात्र दोघांचं एकमत! मला हसावं की रडावं कळेना.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मुंबईत जवळच्या मातीतली ताजी भाजी आपल्याला मिळते ती आपण आरोग्याबद्दल जागरूक आहोत म्हणून मिळत नाही, कुणीतरी पहाटे पाटी घेऊन निघतं आणि त्या पाटीला टेकायला चार बाय तीनची जागा कुठेतरी मिळते म्हणून मिळते. ती जागा गेली की आपली आवड कितीही थोर असो, ती भाजी घरात येणार नाही, ॲपवरून नाही आणि पोडियमवरूनही नाही. आणि आपण भांडतोय कशावर, तर भाजीत व्हिटॅमिन किती यावर.

यात माझा स्वार्थ आहे हेही कबूल. आमचं घर खाण्याभोवती बांधलेलं आहे. आई, मी, बायको, मुलगी एका फ्लॅटमध्ये, समोरच्या दारात भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन पोरं, दोन्ही दारं फक्त रात्री बंद होतात. वडील लोअर परळला एका छापखान्यात रात्रपाळी करायचे, पहाटे सुटले की दादरला उतरायचे, तिथे अंधारातच बाजार भरलेला असायचा, वसईची मेथी, लाल माठ, कधी केळफूल असं पिशवीभर घेऊन साडेसहाला घरी. आम्हाला गजर लागायचा नाही, ओल्या पालेभाजीचा वास आला की उठायची वेळ झाली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, ती कॅनव्हासची पिशवी आता भावाकडे आहे आणि कोथिंबीर निवडून आणण्यात तो कसा ढ आहे यावर आई रोज बोलते. पहिला पाऊस पडला की वसईच्या आत्याचा फोन, 'शेवळं आलीत, घेऊन ठेवू का?', मग काकडं (शेवळांच्या भाजीत घालायची आंबट रानफळं) कुणी आणायची यावर दोन घरांत चर्चा, कारण काकडांशिवाय शेवळं केली तर घसा असा खवखवतो की विचारू नका. माझी मुलगी इंग्लिश मीडियमची, तिला नक्षत्रांची नावं येत नाहीत, पण फोडशी या रानभाजीची जुडी आणि गवत यातला फरक ती लांबून सांगते. तर हा सगळा बायस माझ्या डोक्यात आहे. पण नुसत्या आठवणींवर वाद जिंकता येत नाही, म्हणून समोरच्यांचे मुद्दे आधी घेतो, आणि ते चांगले दणदणीत आहेत.

लोकल खाल्लं की पर्यावरण वाचतं, हे आमच्या ग्रुपवर दिवसातून तीनदा येतं. तितकंसं खरं नाही. २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात खाण्यातून होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ११ टक्केच निघाला होता, मोठा भाग शेतात आणि गोठ्यातच होऊन जातो. नारायणगावहून ट्रक भरून आलेला टोमॅटो किलोमागे जेवढं डिझेल खातो त्याच्या कितीतरी पट पेट्रोल मी रविवारी गाडी काढून 'फार्म व्हिजिट'ला जातो आणि दोन किलो वांगी आणतो तेव्हा जळतं. ताजं म्हणजे पौष्टिक, यालाही पाचर आहे. काढल्यावर काही तासांत फ्रीझ केलेल्या मटारात व्हिटॅमिन सी बरंच टिकतं, उलट तीन दिवस टोपलीत पडून पाणी मारून हिरवा ठेवलेला पालक नुसता रंगाने ताजा असतो. आणि आपलं, पारंपरिक, आज्यांचं म्हणजे तरी काय? मिरची, टोमॅटो, पेरू, काजू, पपई, सगळी अमेरिका खंडातली मंडळी, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आली, बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच. तेव्हा आज्या हेच खायच्या म्हणणाऱ्याला विचारावं, कुठली आजी, किती पिढ्या मागची?

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे मुंबईतली सगळ्यात लोकल भाजी कुठली असेल तर ती रुळांच्या कडेची. 'अधिक धान्य पिकवा'च्या नावाखाली रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना लावायला दिलेल्या त्या पट्ट्यांवर पालक, मुळा, माठ, भेंडी, अळू डोलताना दिसतं आणि शेजारून नाला वाहत असतो, पाणी कुठलं ते सांगायला नको. तिथली भाजी तोडल्यापासून तासाभरात बाजारात. ताजी? हो. लोकल? याहून लोकल काय असणार. खाणार का? मी तरी नाही. तेव्हा 'लोकल' हे काही प्रमाणपत्र नव्हे, हे पूर्ण मान्य.

मग कुणी म्हणेल विश्वास, ओळखीच्या माणसाकडून घेतलेलं बरं. तेही जपून बोलावं. आमच्या मावशी दोन वर्षं मला 'गावठी आहे, वास बघा' म्हणून नाशिकची कोथिंबीर देत होत्या, आईने एकदा येऊन देठ चुरगळला आणि एका वाक्यात प्रकरण मिटवलं. ॲपवर कुजका दोडका आला तर फोटो टाकायचा, दोन मिनिटांत पैसे परत. मावशी पैसे परत देत नाहीत, आधी भांडतात, मग दुसरा दोडका देतात आणि वर 'तुमच्या फ्रीजलाच काहीतरी झालंय' असं म्हणतात. ग्राहकाशी ॲप जास्त सरळ वागतं, यात शंका नाही.

आणि इतिहास काढायचा तर तोही माझ्या बाजूने सरळ उभा राहत नाही. दुधाचंच बघा. चाळीसच्या दशकात मुंबईत गोठे वस्तीत होते, दूध दारात धार काढल्यासारखं लोकल, आणि त्यात पाणी किती आणि घाण किती यावर सगळं शहर वैतागलेलं. १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम आली, सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून दूध यायला लागलं, तिथल्या शेतकऱ्यांनी मधल्या कंपनीला दूध बंद केलं आणि १९४६ च्या डिसेंबरात आपला संघ रजिस्टर केला, तोच पुढे अमूल. इकडे १९४९ मध्ये आरेत वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तिकडे हलल्या. लांबून आलेलं, थंड करून आणलेलं, निनावी दूध हे जवळच्या ताज्या दुधापेक्षा चांगलं ठरलं, पिणाऱ्यालाही आणि विकणाऱ्यालाही. त्या वेळी माझ्यासारखा कुणी 'दारातली म्हैस वाचवा' म्हणत असता तर तो चुकलाच असता.

मग भाजीच्या बाबतीत मी वेगळं का बोलतोय? कारण दूध एकमेकांत ओतता येतं. एका बाईचं अर्धा लिटर, दुसरीचं दोन लिटर, फॅट मोजायचं, कॅनमध्ये ओतायचं, पैसे वहीत. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाही त्या कॅनमध्ये जागा मिळते. रानात उगवणारी करटोली अशी ओतता येत नाहीत. आषाढात पालघर, वाडा, जव्हारकडून ज्या बाया येतात त्यांच्या पाटीत आज पाच किलो करटोली असतात, उद्या करटोली चार मूठ आणि कुर्डूच्या वीस जुड्या, परवा टाकळा, तेरवा काहीच नाही कारण नदीला पाणी आलं. कुठलं ॲप हा माल घेणार आहे? त्यांच्या गोदामाला रोज ठरलेला माल लागतो, एका मापाचा, ग्रेडिंग केलेला, बारकोड लावलेला, बिलासकट. त्यात वाईट काही नाही, त्यांचं मशीन तसं आहे. करटोली तिथेही दिसतात अधूनमधून, छोट्या ट्रेमध्ये, सगळी एका साइझची. पण फोडशी, भारंगी, शेवळं, काकडं, कवळा? आणि पोडियमवरच्या ऑर्गॅनिक बाजाराची गंमत अशी की तिथे स्टॉलचं भाडं असतं, सर्टिफिकेट मागतात, ओळखपत्र मागतात, आणि ज्या भाजीला जन्मात कुणी खत घातलेलं नाही, पेरलेलंसुद्धा नाही, तिच्याकडेच नेमकं सर्टिफिकेट नसतं.

थोडक्यात थोड्या मालाला थोडी जागाच लागते. मोठ्या दुकानात तो मावत नाही, जागा अपुरी पडते म्हणून नव्हे, पद्धत आड येते म्हणून. आपल्या घरात वर्षाला ज्या साठ-सत्तर भाज्या शिजतात त्यातल्या बारा-पंधरा ॲपवर रोज मिळतील आणि उरलेल्या हळूहळू मुलांना नावानेही माहीत राहणार नाहीत. शिवाय भावाचं गणित वेगळंच. रात्री साडेआठनंतर मावशी उरलेल्याचे वाटे लावतात, वीस रुपयांना वाटा, शेवटी शेवटी दोन वाटे वीसला, आणि त्या वेळी तिथे आमच्या सोसायटीतलं कुणी नसतं, आमच्याकडे काम करणाऱ्या बायका असतात, वॉचमन असतो, समोरच्या साइटवरचे कामगार असतात. ताजं खाणं ही श्रीमंतांची हौस आहे असा टोमणा मारणाऱ्यांनी एकदा साडेआठला खाली उतरून बघावं. हौस पोडियमवर आहे. गेटबाहेर आहे ती सोय.

सगळ्यात खणखणीत विरोध मात्र मला घरातूनच झाला. हे सगळं मी बायकोला ऐकवत होतो तर ती म्हणाली, 'ताजी मेथी हवी ना, मग निवडायला बस.' आणि समोर चार जुड्या टाकल्या. पाऊण तास लागला, माती नखात गेली, आणि मग लक्षात आलं की वडिलांच्या त्या पिशवीची जी गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय त्यात आई कुठेच नाही, जी सकाळी साडेसहाला ती पिशवी उलटी करून, निवडून, धुऊन, विळीवर चिरून, आमचे डबे भरून साडेआठची लोकल पकडायची. ज्या बायकांना ॲपवरची निवडलेली, चिरलेली भाजी हा मोकळा श्वास वाटतो त्यांना संस्कृती शिकवायचा हक्क पुरुषांना तर अजिबात नाही. हा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही. एवढंच म्हणू शकतो की निवडलेली भाजी तर फुटपाथवरही कधीपासून मिळते, बोरिवली, दादर, ठाणे, कुठल्याही स्टेशनबाहेर संध्याकाळी सोललेले वाल, किसलेलं खोबरं, निवडलेला पाला, चिरलेलं फणस पिशव्यांत बांधून बाया बसलेल्या असतात. नोकरीवाल्या बाईची अडचण त्यांना स्टार्टअपवाल्यांच्या कितीतरी आधी कळली होती. (आणि हो, आता मंगळवार-शुक्रवार पालेभाजी मी आणि भाऊ निवडतो. वहिनी म्हणते अजून देठ राहतात.)

आता जागेचं. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत जी माणसं गेली ती आठवली की अजून पोटात गोळा येतो, आणि त्यानंतर हायकोर्टाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत म्हटलं त्यामागचं कारण कळतं. पण मग दीडशे मीटरच्या बाहेर कुठे? हा पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायची तरतूद आहे, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी हवेत असंही लिहिलंय. मुंबईत त्या वर्षीच्या सर्व्हेत सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि शेवटी पात्र ठरले ३२ हजारांच्या आसपास. बाकीचे कुठे गेले? कुठेच नाही, तिथेच बसतात, फक्त पालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळतात, आणि जी पळू शकत नाही तिची दिवसाची भाजी जाते. ज्या बाईला दिवसातून दोनदा पळावं लागतं ती शेवळांसारखा नाजूक माल कशाला आणेल? ती कांदे-बटाटेच आणणार.

पूर्वी हे शहर असा विचार करत नव्हतं. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं ते म्युनिसिपल कमिशनरच्या पुढाकाराने, आज त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता असं नाही, पण पाणी, गटार तशी अन्न विकायची जागा ही शहराने करायची गोष्ट आहे एवढं त्यांना कळत होतं. पुढे वॉर्डावॉर्डात मंडया झाल्या. १९९६ च्या सुमारास भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीला गेला, गर्दीच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण तेव्हापासून आपल्या डोक्यात भाजी म्हणजे कुठूनतरी लांबून ट्रकने येणारी वस्तू झाली. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, कल्पना उत्तम, पण आठवडी बाजार रविवारचा, भूक रोजची. तिकडे वसईत ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईवाले वाड्या आणि विहिरी वाचवायला भांडत होते तेव्हा मुंबईने ते वसईचं स्थानिक भांडण समजून सोडून दिलं. आपली मेथी तिथून येते हे आपल्याला दिसलंच नाही. आत्याच्या गल्लीत राजेळी केळीच्या दोन वाड्या होत्या, सुकेळी वाळायची अंगणात, आता तिथे स्टिल्टवर सात मजले आहेत आणि टँकर येतो.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर वगैरे बायकांना घेऊन महागाईविरुद्ध लाटणं मोर्चा काढत होत्या तेव्हा त्यांनी तेल-धान्याच्या शुद्धतेवर चर्चासत्र घेतलं नाही, ते मिळतं कुणाला आणि कुठल्या भावाने हा प्रश्न रस्त्यावर आणला. खाण्याची खरी चर्चा ती. आणि एवढं मागे जायला नको, मे २०२० आठवा. वाशीची बाजारपेठ आठवडाभर बंद होती, ॲपवर स्लॉट मिळत नव्हते, आणि शेतकऱ्यांचे गट थेट सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो लावून बॉक्स देत होते. आमच्याही गेटवर टेम्पो लागायचा, आम्ही सुरक्षित अंतराचे गोल आखून रांगेत उभे राहायचो, चिखलाचा, गाड्या वळवायचा, अतिक्रमणाचा विषय एकानेही काढला नाही. गेट तेच, रस्ता तोच. मग आता काय बदललं?

मी कमिटीला लेखी दिलंय. चार बाय तीनच्या दोन चौकटी पिवळ्या पट्ट्याने आखा, वळणापासून पंधरा फूट मागे, एक डबा ठेवा, रात्री नऊपर्यंतची वेळ ठरवा, आणि वॉर्डात रीतसर परवान्यासाठी अर्ज करायला मावशींना आपल्यातल्याच कुणीतरी मदत करा. 'एकीला दिली की दहा येतील' असं सेक्रेटरी म्हणाले. दोन चौकटी आहेत म्हटल्यावर दोनच बसतील ना, आखलेलं नसतं तेव्हाच दहा बसतात. चिखलाचं म्हणाल तर मी दोन दिवस उभं राहून बघितलं, तो समोरच्या रिडेव्हलपमेंटच्या डंपरचा आहे, पण डंपरला उठवा असं ग्रुपवर कोण लिहिणार. मावशी सफाळ्याहून पहाटेच्या गाडीने येतात, लोकलमधला एक मालडबा आता ज्येष्ठांसाठी करायचं ठरलंय, त्यावर त्या नाराज आहेत, माझी आई खूश आहे, आणि दोघी त्याच विषयावर कालच गेटवर अर्धा तास बोलत उभ्या होत्या, आईच्या हातात भारंगीची जुडी.

मिटिंग रविवारी सकाळी अकराला ठेवलीये. तो मावशींचा ऐन धंद्याचा टाइम, आणि त्यांना बोलवावं असं कुणाच्या डोक्यातही आलेलं नाही. अजेंडा कालच ग्रुपवर आला, पाच नंबरला पोडियमवरचा ऑर्गॅनिक बाजार, सहा नंबरला 'गेटजवळील अतिक्रमण हटविणेबाबत'.